गाड्यावर जेवायचं, पण बघून



आज आपण दुपारच्या जेवणाबद्दल बोलणार आहोत. घरच्या नव्हे, बाहेरच्या. तुम्ही काही कामासाठी साताऱ्याला किंवा सांगलीला जाता, तेव्हा दुपारी एक वाजता तुमच्या पोटात काय जातं, त्याबद्दल.

म्हसवड-दहिवडीकडून सातारा किंवा जत-आटपाडीकडून सांगली गाठायची, तर सकाळची लवकरची एसटी धरावी लागते. पहाटे उठून घरच्यांच्या भाकरी थापायच्या, जनावरांचं बघायचं, आणि स्वतः कपभर चहा घेऊन निघायचं. शहरात पोचलं की सिव्हिलमधली रांग, कलेक्टर कचेरी, कोर्टाची तारीख, नाहीतर मुलीच्या कॉलेजचा प्रवेश. चार वाजेपर्यंत काम संपत नाही. मग संध्याकाळची गाडी आणि घरी येऊन उरलेली भाकरी. असा दिवस आपल्यातल्या प्रत्येकीनं काढलेला आहे.

सोबत पुरुष माणूस असेल तर तो गाड्यावर उभ्या उभ्या वडापाव खाऊन येतो. बाई बाकावर पिशवी सांभाळत बसते. विचारलं तर म्हणते, 'मला भूक नाही.' आम्ही गटात यावर बोललो तेव्हा चार कारणं निघाली. पहिलं, पैसे. स्वतःच्या पोटासाठी पन्नास रुपये मोडायचे म्हणजे बाईच्या जिवावर येतं. दुसरं, लाज. रस्त्यात उभं राहून खाताना कोणी बघितलं तर काय म्हणेल? तिसरं, पोट बिघडायची भीती. चौथं कारण एका आक्कांनी सगळ्यात शेवटी, हळू आवाजात सांगितलं. खाल्लं-प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि बाईनं जायचं कुठं?

ही कारणं खरी आहेत. पण उपाशी राहण्याचीही किंमत असते. ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी औषध घेऊन दुपारचं जेवण टाळलं, तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अंगात रक्त कमी असलेली, पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई दिवसभर चहावर राहिली, तर संध्याकाळी एसटीत चक्कर येऊन पडते. मग घरचे म्हणतात ऊन लागलं. ऊन लागलेलं असतंच, पण पोटातही काही नसतं आणि पाणीही प्यायलेलं नसतं.

म्हणून आज तीन गोष्टी बघू. बाहेर खायचं तर काय खायचं, गाडा चांगला आहे हे ओळखायचं कसं, आणि त्या गाड्यामागं उभ्या असलेल्या बाईचं काय.

डबा नेला तर?

तुम्ही म्हणाल, आम्ही डबाच नेऊ. उत्तम. पण डब्यात काय नेता ते बघा. पहाटे पाचला केलेला भात आणि कालवण डब्यात भरलं, पिशवीत घातलं, एसटीच्या उन्हात ठेवलं आणि दीडला उघडलं, तर ते अन्न साडेआठ तास कोमट राहिलेलं असतं. जंतूंना वाढायला कोमट अन्नाइतकं काहीच आवडत नाही. साधारण पाच अंशांपासून साठ अंशांपर्यंतची ऊब त्यांना मानवते. फ्रीजमधल्या थंडीत ते जवळजवळ वाढत नाहीत आणि वाफाळत्या अन्नातही वाढत नाहीत. मधल्या उबेत मात्र काही तासांत त्यांची संख्या भलतीच होते. शिजवलेलं ओलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त असं ठेवू नये, हा साधा नियम.

आपल्या आज्या-पणज्यांना अंशांचा हिशेब माहीत नव्हता, पण प्रवासाला काय न्यायचं हे पक्कं माहीत होतं. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी, धपाटे, भाकरी, शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी, गूळ, शेंगा. या सगळ्यांत पाणी कमी असतं, म्हणून ते टिकतं. ओल्या खोबऱ्याची चटणी, भात, पातळ कालवण, दह्यातली कोशिंबीर कोणी प्रवासाला नेत नसे.

तेव्हा कोरडा डबा नेत असाल तर फार चांगलं. पण सकाळी केलेला कालवण-भात उन्हातून नेणार असाल, तर त्यापेक्षा गाड्यावर तुमच्यासमोर थापून भाजलेली गरम भाकरी आणि उकळती आमटी जास्त भरवशाची. 'घरचं ते चांगलं आणि बाहेरचं ते वाईट' असं सरसकट नसतं. शिजल्यापासून ते तोंडात जाईपर्यंत किती वेळ गेला आणि अन्न किती गरम राहिलं, यावर सगळं ठरतं.

पोटभर म्हणजे काय?

दोन्ही शहरांत दुपारी गाडे कुठं लागतात हे तुम्हाला ठाऊक आहे. साताऱ्यात एसटी स्टँड, पोवई नाका, सिव्हिलचा परिसर. राजवाड्याजवळची चौपाटी मुख्यतः संध्याकाळची. सांगलीत स्टँड, मार्केट यार्ड, विश्रामबागेकडचा रस्ता. मिरजेला तर दवाखान्यांचंच गाव म्हणावं. वानलेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं, शिवाय सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना. जत, कर्नाटक, कोकण, सगळीकडून पेशंट येतात, आणि पेशंटबरोबर आलेली माणसं दवाखान्याबाहेरच्या गाड्यांवर आठ-आठ दिवस जेवतात.

आता गाड्यांची रूपंही बदलली आहेत. चारचाकी हातगाडी आहेच, पण छोटा हत्ती किंवा जुनी व्हॅन घेऊन तिच्या पाठीमागं ओटा, शेगडी, पाण्याची टाकी बसवलेले फूड ट्रकही उभे राहतात. रंगीत पाटी आणि दिवे लावले म्हणजे आतलं अन्न स्वच्छ होतं असं नाही. साध्या हातगाडीला जे नियम, तेच ट्रकला.

पैसे मोजायचे तर पोटभरीचं घ्या. वडापाव आणि भजी हा नाश्ता आहे. मैदा, बटाटा आणि तेल. तासाभरात परत भूक लागते. त्याच पैशात किंवा दहा-वीस रुपये जास्त घालून झुणका-भाकर, पिठलं-भाकरी, उसळ-पाव, मिसळ किंवा आमटी-भात मिळत असेल, तर ते घ्या. डाळ, बेसन आणि मटकीत जे प्रथिन असतं ते तुम्हाला संध्याकाळपर्यंत धरून ठेवतं. अंडी चालत असतील तर दोन उकडलेली अंडी आणि पाव, किंवा समोर केलेली भुर्जी, हेही चांगलं. अंडं टरफलातच उकडलं जातं, मध्ये हात लागत नाही. आणि केळी. साल आपण स्वतः सोलतो, त्यामुळं केळ्यासारखं सुरक्षित फळ नाही. कापून ठेवलेलं कलिंगड किंवा पपई घेण्यापेक्षा केळं घ्यावं.

शिवभोजन थाळीही लक्षात ठेवा. २६ जानेवारी २०२० ला राज्य सरकारनं ती सुरू केली. दहा रुपयांत दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. भर दुपारी, म्हणजे बारा ते दोन अशीच तिची वेळ ठरवली होती. त्याआधी १९९५ च्या सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर दिली होती. शहरात कामाला आलेल्या गरीब माणसाला दुपारी जेवायला लागतं, हे सरकारलाही दोनदा मान्य करावं लागलं. तुम्ही ज्या भागात जाता तिथं शिवभोजन केंद्र चालू आहे का, एकदा विचारून ठेवा.

गाड्याजवळ गेल्यावर काय बघायचं?

पैसे काढायच्या आधी दोन मिनिटं बाजूला उभं राहा आणि बघा. कुणाला काही विचारावं लागत नाही.

पहिलं, वाफ. तुम्हाला देणार तो पदार्थ विस्तवावर आहे का? रस्सा उकळतोय का? की सकाळी केलेलं पातेलं नुसतं झाकून ठेवलंय? कढईतून आत्ता निघालेला वडा आणि तासभर परातीत पडलेला वडा यांत फरक आहे. थांबायची तयारी ठेवा आणि सांगा, 'ताई, गरम काढलात की द्या.' कोणी नाही म्हणत नाही.

भाताचं मात्र वेगळं आहे, म्हणून सांगून ठेवतो. तांदळात एक जंतू असतो. त्याचं बीज भात शिजला तरी मरत नाही. तो भात ढीग करून तासन्‌तास उघड्यावर ठेवला, की ते बीज रुजतं आणि विष तयार करतं. त्यातल्या एका प्रकारचं विष नंतर भात कडकडीत परतला तरी नष्ट होत नाही. म्हणून सकाळी शिजवून ढीग घातलेला भात दुपारी मोठ्या जाळावर परतून देणाऱ्या चायनीजच्या गाडीवर नुसती वाफ बघून फसू नका. भात कधीचा आहे ते विचारा.

दुसरं, पाणी. पाणी कशात ठेवलंय? नळ असलेल्या झाकणाच्या पिंपात, की उघड्या बादलीत, जिच्यात तांब्या बुडवताना बोटंही बुडतात? ताटल्या कशा धुतात? एकाच बादलीत सगळ्या ताटल्या बुचकळून फडक्यानं पुसत असतील, तर पहिल्या गिऱ्हाइकाचं उष्टं विसाव्या गिऱ्हाइकाच्या ताटलीला लागतं.

तिसरं, हात. पैसे घेणारा हात आणि पाव कापणारा हात एकच आहे का? नोटा किती हातांतून आलेल्या असतात ते तुम्हाला सांगायला नको. जिथं एकजण पैसे घेतो आणि दुसरा वाढतो, किंवा वाढायला चिमटा-पळी आहे, तो गाडा बरा. बोटाला चिंधी बांधलेली दिसली, जखम पिकलेली दिसली, तर पुढं चला. त्या जखमेतले जंतू अन्नात उतरतात आणि खाल्ल्यावर चार-पाच तासांत उलट्या सुरू होतात.

चौथं, कच्चं. माणसं गाड्यावरच्या शिजलेल्या पदार्थापेक्षा त्याच्यावर भुरभुरलेल्या कच्च्यानंच जास्त आजारी पडतात. मिसळीचं उदाहरण घ्या. मटकी शिजलेली, कट उकळता, फरसाण कोरडं. या तिन्हींची काळजी नाही. पण वर घातलेला कांदा सकाळी चिरून उघडा ठेवलेला असेल, कोथिंबीर न धुता चिरलेली असेल, तर सगळं वाया जातं. सांगा, 'कांदा-कोथिंबीर नको, लिंबाची फोड तेवढी समोर कापून द्या.' डोशाबरोबरची ओल्या खोबऱ्याची चटणी, वड्याबरोबरची पातळ हिरवी चटणी, हेही तसंच. त्यांत कच्चं पाणी असतं आणि ती दिवसभर तशीच राहते. लसणाची कोरडी चटणी घ्या. चवीलाही तीच भारी.

पाचवं, बर्फ. उन्हाळ्यात उसाचा रस आणि सरबत दिसलं की राहवत नाही. रस घ्या, बिनबर्फाचा. बर्फ नुसता थंड असतो म्हणून त्यातले जंतू मेलेले नसतात. मासे-भाजी थंड ठेवण्यासाठी केलेला बर्फ खायचा नसतो, आणि तो ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा नियम २०१८ पासून आहे. बर्फाला निळसर झाक दिसली तर तो पोटात घालायचा नाही.

सहावं, तेल आणि कागद. कढईतलं तेल काळं पडलंय, दाट झालंय, जाळ कमी असतानाही धूर येतोय, फेस बसत नाही, तर ते बऱ्याच वेळा तापवलेलं आहे. तेच तेल तीनपेक्षा जास्त वेळा तळायला वापरू नये असा अन्नसुरक्षा खात्याचा सल्ला आहे. आणि वर्तमानपत्राच्या कागदावर भजी घेऊ नका. छपाईच्या शाईतले घातक पदार्थ गरम तेलात उतरतात. खाद्यपदार्थ बांधायला वर्तमानपत्र वापरायला कायद्यानंच बंदी आहे. आम्ही आता पिशवीत एक स्टीलची ताटली, एक पेला आणि पाण्याची बाटली ठेवतो. ताटली पुढे केली की धुण्याचा, कागदाचा आणि प्लॅस्टिकचा, तिन्ही प्रश्न मिटतात. पहिल्यांदा जरा ओशाळल्यासारखं होतं. दुसऱ्यांदा काही वाटत नाही.

आणि शेवटचं, गर्दी. जिथं रिक्षावाले, हमाल, दवाखान्यातल्या मावशी, कचेरीतले शिपाई रोज जेवतात, तो गाडा बघा. रोजची माणसं बिघडलेलं अन्न दुसऱ्या दिवशी खायला येत नाहीत. शिवाय गर्दी असली की पातेलं लवकर रिकामं होतं, अन्न पडून राहत नाही. तिथं बायाही जेवत असतील तर तुम्हालाही अवघडल्यासारखं होणार नाही.

सगळं पाण्यापाशी येऊन थांबतं

आता एक हिशेब करू. समजा एका गाड्यावर दुपारच्याला साठ माणसं जेवतात. प्रत्येकाची ताटली, पेला धुवायचा आणि हात धुवायला पाणी द्यायचं, तर माणशी दोन लिटर धरा. झाले एकशेवीस लिटर. पिण्याचं आणि रांधायचं वेगळं. म्हणजे दीडशे लिटर पाणी, वीस लिटरचे सात-आठ जार, त्या बाईला रोज लागतात. तेवढं ती कुठून आणणार आणि कुठं ठेवणार?

इथंच खरी गोम आहे. जिचा गाडा रोज एकाच जागी उभा राहतो, ती शेजारच्या दुकानातून किंवा नळावरून पाण्याची सोय लावते, पिंप ठेवते, सांडपाण्याला बादली ठेवते, कचऱ्याचा डबा ठेवते. जिला अतिक्रमण हटाव पथकाची गाडी आली की दहा मिनिटांत सामान आवरून पळावं लागतं, ती बाई दोन पिंपं कशी बाळगेल? ती एका बादलीवरच भागवते. आपण म्हणतो 'किती घाण करतात हे लोक'. पण जागेचा भरवसा नसेल तिथं स्वच्छता टिकत नाही. आपलं पोट आणि तिची जागा या दोन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत.

हे कायद्यालाही कळलेलं आहे. २०१४ साली देशात पथविक्रेत्यांसाठी उपजीविका संरक्षणाचा कायदा आला. शहरातल्या हातगाडीवाल्या, पाटीवाल्या, फेरीवाल्या सगळ्यांना तो लागू आहे. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका असो, सातारा, कराड, फलटण किंवा विट्याची नगरपालिका असो, प्रत्येक ठिकाणी नगर पथविक्रेता समिती असायला हवी. तिचे अध्यक्ष आयुक्त किंवा मुख्याधिकारी असतात. सभासदांत किमान चाळीस टक्के विक्रेत्यांनी निवडून दिलेले विक्रेते असावेत, आणि त्यांत एक तृतीयांश बायका असाव्यात, असं कायदा म्हणतो. दर पाच वर्षांनी निदान एकदा विक्रेत्यांची पाहणी करायची, आणि पाहणीत आलेल्यांना विक्रीचं प्रमाणपत्र द्यायचं. पाहणी होऊन प्रमाणपत्रं दिली जात नाहीत तोवर कुणाला हटवायचं नाही, आणि नंतरही हलवायचं झालं तर तीस दिवसांची नोटीस द्यायची. माल जप्त केला तर त्याची यादी करून प्रत विक्रेत्याला द्यायची. नाशवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी परत करायचा, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत.

कायदा विक्रेत्यावरही जबाबदारी टाकतो. आपली जागा स्वच्छ ठेवायची, आणि तिथल्या सोयींसाठी ठरलेलं शुल्क भरायचं. आम्हाला हे महत्त्वाचं वाटतं. शुल्क भरणारी बाई नळ मागते तेव्हा ती उपकार मागत नसते.

कागदावरचं आणि रस्त्यावरचं यांत अंतर असतं, ते आम्ही जाणतो. आमच्या ओळखीच्या एका ताईंची भाकरीची काटवट, तवा आणि शेगडी एका दुपारी उचलून नेली. यादी मिळाली नाही, पावतीही नाही. सामान सोडवायला चार हेलपाटे घातले, तेवढे दिवस गाडा बंद. त्यांना यादी मागायचा हक्क आहे हेच माहीत नव्हतं. म्हणून हे इथं सांगतोय.

गाड्यामागं उभी असणारी

दुसऱ्याला दुपारचं जेवण रांधून घालणं हा आपल्याकडच्या बायकांचा जुना धंदा आहे. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा साताऱ्याकडची आणि कोकणातली माणसं एका खोलीत दहा-दहा राहायची आणि खाणावळीत जेवायची. त्या खाणावळी चालवणाऱ्या बहुतेक बायाच. सावकाराच्या व्याजात बुडालेल्या या बायांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. चुलीपुढच्या कामाला बँकेनं धंदा म्हणून ओळखलं, ती तेव्हाची मोठी गोष्ट होती. आपल्या माणदेशातही १९९७ पासून म्हसवडला माण देशी महिला बँक उभी आहे, बायांनीच बायांसाठी काढलेली.

तुमच्यापैकी कुणी गाडा चालवत असेल किंवा सुरू करायचा विचार करत असेल, तर हे करून ठेवा. पालिकेत जाऊन पाहणीत आपलं नाव आहे का ते बघा, नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. खाद्यपदार्थ विकायचे म्हणून अन्नसुरक्षेची नोंदणी करा. चौदा आकडी नंबर मिळतो, तो गाड्यावर दिसेल असा लावा. गॅस वापरत असाल तर धंद्याचा, एकोणीस किलोचा सिलिंडर घ्या. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे. व्हॅन किंवा टेम्पोच्या बांधणीत बदल करून फूड ट्रक करणार असाल, तर आधी आरटीओला विचारा, मग फॅब्रिकेशनवाल्याला पैसे द्या. उलटं केलं तर पैसे अडकतात.

भांडवलासाठी पीएम स्वनिधी ही योजना आहे. ती १ जून २०२० ला सुरू झाली, तेव्हा पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं. २०२५ मध्ये सरकारनं ती ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि पहिलं कर्ज पंधरा हजार, ते फेडलं की पंचवीस हजार, ते फेडलं की पन्नास हजार असं केलं. तारण लागत नाही, आणि वेळेवर फेडलं तर व्याजात सात टक्के सूट खात्यावर जमा होते. विक्रीचं प्रमाणपत्र किंवा पालिकेचं शिफारसपत्र मात्र लागतं. म्हणजे परत पहिली पायरी तीच, पाहणीतलं नाव.

कर्ज मिळालं की आधी नवी पाटी रंगवू नका. आधी नळाचं झाकणवालं पिंप घ्या, हात धुवायला साबण ठेवा, चिमटा घ्या, कच्च्या मालाला झाकणाचे डबे घ्या. गिऱ्हाईक बाई हे बघते. तिला बसायला एक बाकडं ठेवलंत तर ती परत येईल आणि चार जणींना घेऊन येईल.

तरीही पोट बिघडलं तर?

जुलाब-उलट्या झाल्या तर अंगातलं पाणी आणि मीठ जातं, धोका त्यात असतो. दवाखान्यातून ओआरएसची पुडी आणा. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ढवळा आणि घोट घोट पीत राहा. चमचा चहाचा, लहान. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून मापातच घाला. शौचात रक्त, अंगात जोराचा ताप, लघवी बंद, पाणीही पोटात न टिकणं, यांतलं काही दिसलं तर घरी थांबू नका.

पावसाळ्यात आणि पुरानंतर जास्त जपा. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर सांगलीकर विसरलेले नाहीत. पुराचं पाणी गटारात आणि गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की जुलाब आणि कावीळ फिरते. पाण्यातून येणाऱ्या काविळीचा एक प्रकार पोटुशी बाईच्या जिवावर उठतो. त्या दिवसांत पोटुशीनं बाहेरचं कच्चं पाणी, बर्फ, पातळ चटणी अजिबात घेऊ नये.

एखाद्या गाड्यावर बऱ्याच जणांना एकदम त्रास झाला, तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात आणि पालिकेच्या आरोग्य विभागात तक्रार करता येते. पण साधी गोष्ट असेल, चटणी उघडी आहे, बादली घाण आहे, तर आधी त्या ताईलाच सांगा, चारचौघांत नाही, बाजूला घेऊन. बहुतेक जणी ऐकतात.

राहिला तो चौथा प्रश्न, जायचं कुठं. त्याला गाडेवाली उत्तर देऊ शकत नाही. पण जिथं गाड्यांची जागा ठरते, तिथं जवळ बायकांचं स्वच्छतागृह असावं, ही मागणी त्याच समितीपुढं आणि त्याच पालिकेत करता येते. गाडेवालीही दिवसभर तिथंच उभी असते. तिलाही तेच हवं असतं. दोघींनी मिळून सही केलेला अर्ज एकटीच्या तक्रारीपेक्षा वजनदार होतो. तोपर्यंत पाणी पिणं सोडू नका. सिव्हिल, कोर्ट, कचेरी, स्टँड, जिथं काम आहे तिथं पोचल्या पोचल्या बायकांचं स्वच्छतागृह कुठं आहे हे विचारून घ्या, मग कामाला लागा.

पुढच्या वेळी साताऱ्याला किंवा सांगलीला निघाल की पिशवीत ताटली, पेला, पाण्याची बाटली आणि कोरड्या चटणीची पुडी टाका. पन्नास रुपये स्वतःच्या जेवणाचे म्हणून वेगळे बांधून ठेवा, पदराच्या गाठीत नाहीतर पर्सच्या आतल्या कप्प्यात. ते औषधाला किंवा मुलांच्या खाऊला मोडायचे नाहीत. एक वाजला की रांगेतल्या शेजारणीला सांगा, 'बाई, माझा नंबर बघा, मी जेवून येते.' आणि परत आल्यावर तिलाही जेवायला धाडा.